सकपाळभाऊ विमान उतरवतात

समस्त रत्नागिरीकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपण प्रवास करीत असलेल्या विमानाचा वैमानिक हवेतच बेशुद्ध पडल्यास, सहवैमानिकानेही त्याचाच कित्ता गिरवल्यास, आणि चालकाच्या खुर्चीत बसण्याची पाळी आपणावर आल्यास, कृपया आरडाओरडा करू नये. समोरच्या कुठल्याही बटणाला हात लावू नये. नाचणे गावच्या उतारावर, चिऱ्यांच्या गडग्याला निळं फाटक असलेलं जे घर आहे, तिथे फोन करावा. मात्र दुपारी एक ते तीन या वेळात करू नये. त्या वेळी सकपाळभाऊ झोपतात, आणि वहिनी त्यांना कोणासाठीही उठवत नाहीत. मग विमान कितीही मोठं असो.

हे निवेदन कुठल्या वर्तमानपत्रात छापून आलं नव्हतं. आमच्या आळीत मात्र ते चांगलं अमलात होतं आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं शेवटी शेवटी कोणालाच वाटत नव्हतं. सुरुवातीला सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, हे कबूल करतो. आता भाऊ लोट्याला मुलाकडे राहायला गेलेत, निळं फाटक बंद असतं, आणि मिरजोळ्याच्या धावपट्टीवरून काही घरघरत वर गेलं की मला उगाचच आपल्याला कोणी वाली नाही असं वाटतं.

भाऊंचा आणि विमानाचा संबंध काय? काहीही नाही. ते जन्मात विमानात बसले नव्हते. आमच्याकडच्या एसटी डेपोत त्यांची सगळी नोकरी गेली. आधी ड्रायव्हर, मग नव्या ड्रायव्हरांना शिकवणारे. म्हणजे नुकती भरती झालेली पोरं लाल गाडीत भरायची, आंबा घाटात न्यायची आणि सगळीच्या सगळी परत आणायची. बुटकी मूर्ती, पांढरा स्वच्छ सदरा, हातात कायम गवती चहाचा कप. आवाज इतका बारीक की शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही पुढे वाकून ऐकावं लागे. मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढ्या आवाजात घाटात इंजिनाच्या वर पोरांना ऐकू कसं यायचं?"

"नाय यायचं. म्हणून तर गप बसून ऐकायची."

ते शिकवायचे कसे, ते मी स्वतः भोगलं आहे. आमची बोळ म्हणजे दोन गडग्यांमधली फट. मी नवी गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी उलटी काढताना तिरपी अडकवली. पुढे जाईना, मागे येईना. डावा आरसा आधीच जोश्यांच्या गडग्याला अर्पण झाला होता. भाऊ आपल्या पडवीत आरामखुर्चीवर बसले होते. तिथून त्यांना गाडी दिसतसुद्धा नव्हती. मी फोन लावला.

"भाऊ, अडकली!"

"ऐकलं. इंजीन बंद कर."

"केलं. आता?"

"आता काय नाय. बस जरा."

"अहो, मागे रिक्षावाला हॉर्न मारतोय!"

"तो त्याचं काम करतोय. तुला समोर काय दिसतं ते सांग."

मी सांगितलं. मग त्यांनी मला एक गोष्ट करायला सांगितली. ती झाल्यावर दुसरी. दोन गोष्टी एकदम कधीच नाहीत. चाक किती फिरवायचं हे ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखत होते. गाडी सुटली तेव्हा त्यांच्या कपातला चहा अजून संपला नव्हता, आणि ते खुर्चीतून उठलेही नव्हते. रिक्षावाल्याने खाली उतरून पडवीच्या दिशेने हात जोडले. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

विमानाचं वेड शिरलं ते बाब्याच्या सलूनमध्ये. कोणीतरी मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचली: कुठेतरी परदेशात वैमानिकाला चक्कर आली आणि मागे बसलेल्या साध्या प्रवाशाने विमान सुखरूप उतरवलं. लगेच सभा भरली. आमच्या आळीतले आंबेवाले जोशी तर खुर्चीतून अर्धे उठलेच.

"अशक्य! शिकल्याशिवाय विमान उतरवतो? उद्या म्हणाल, शिकल्याशिवाय पोटाचं ऑपरेशन करतो!"

"जोशीकाका, मान हलवू नका," बाब्या म्हणाला. "मीपण इथे ऑपरेशनच करतोय."

दुसऱ्या खुर्चीत भाऊ होते, अर्ध्या गालावर साबण. त्यांनी त्यांच्या त्या बारीक आवाजात विचारलं, "खाली कोण होता?"

"खाली म्हणजे?"

"जमिनीवर. त्याला सांगत कोण होता? त्याचं नाव वाच."

बातमीत प्रवाशाचं नाव होतं, त्याच्या बायकोचं होतं, त्याला विमानाबाहेर आल्यावर काय वाटलं ते होतं. खालून सांगणाऱ्याबद्दल एक ओळ होती, नाव नव्हतं. भाऊंनी पुन्हा वाचायला लावलं. मग उठले, आणि अर्धी दाढी तशीच ठेवून घरी गेले. बाब्याच्या दुकानातून असं कोणी आजवर गेलेलं नव्हतं.

आठवड्याभरात लोट्याला असलेल्या मुलाने कंपनीच्या बसमधून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला. त्यात विमान चालवायचा खेळ होता, सोबत एक दांडी होती. भाऊंनी भंगारातून लाल गाडीच्या ड्रायव्हरची सीट मिळवली आणि पडवीत फळीवर ठोकली. वहिनींनी कोकमं वाळत घालायची जागा त्यामुळे गेली. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त रोज संध्याकाळी दारात येऊन शांतपणे विचारायला सुरुवात केली.

"आज किती गेले?"

"एकशे ऐंशी. विमान भरलेलं होतं."

"कालही तेवढेच गेले होते. चहा घ्या."

जयगडच्या खाडीत गेले, आंजर्ल्याच्या कड्यावर गेले, एकदा तर थेट स्वतःच्या घरावर गेले. पण गंमत अशी, की भाऊंना स्वतः शिकायचं नव्हतंच. मुलाने फोनवर सूचना सांगायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी फोन वहिनींकडे दिला. "मी शिकलो तर परीक्षा कोणाची घेऊ? मला न शिकलेला माणूस पायजे." आणि शंभर वेळा आपटल्यावर आपणही पुरते अडाणी उरलो नाही, अशी शंका आल्याबरोबर त्यांनी बाहेरची माणसं बसवायला सुरुवात केली.

मग आळीत हाहाकार उडाला. निळ्या फाटकातून आत गेलेल्या माणसाला विमान उतरवल्याशिवाय चहा मिळेना. दूधवाला, पोस्टमन, मीटर बघायला आलेली मुलगी, वहिनींची बहीण, लग्नाची पत्रिका द्यायला आलेलं अख्खं कुटुंब, सगळ्यांना त्या सीटवर बसावं लागलं. भाऊ एका वहीत प्रत्येकापुढे एकच ओळ लिहीत. मी ती वही चोरून वाचली आहे. "दूधवाला: दोन्ही हातांनी ओढतो. पोस्टमन: काटेच बघतो, बाहेर नाही. मेहुणी: चांगलं चालवत होती, देवाचं नाव घेताना हात सोडले. जोशी: बोलतो." माझ्यापुढे लिहिलं होतं: "हसतो, म्हणजे घाबरतो." त्यानंतर मी ती वही पुन्हा उघडली नाही.

एकही जण वाचला नाही. महिनोन्‌महिने नाही. एका संध्याकाळी भाऊंनी वही मिटली आणि निकाल दिला.

"जोशी, तुम्ही बरोबर. न शिकलेला माणूस एकटा विमान उतरवू शकत नाय."

जोशी हर्षाने लाल झाले. "मी म्हणतच होतो!"

"एकटा म्हटलं मी. खाली सांगणारा असला तर? ते अजून बघायचंय. पण सांगणाऱ्याला विमान यायला पायजे. असा माणूस आणायचा कुठून?"

तो माणूस पुढल्याच महिन्यात माझ्या घरी आला, डोळे सुजवून.

केतकी माझी भाची. पालीच्या बाजारात माझ्या मेहुण्यांचं कापडाचं दुकान आहे. तिथली ही मुलगी घाटावरच्या एका शाळेत विमान चालवायला शिकत होती, आणि साऱ्या पालीला त्याचं कोण कौतुक. म्हणूनच ती पालीला न जाता माझ्याकडे लपायला आली होती. तिथे दर दहा पावलांवर कोणी ना कोणी विचारणार, "काय गो, आम्हाला कधी नेतंस विमानातून?" तिला विमान वर नेता येत होतं, वळवता येत होतं, सगळं येत होतं. उतरवता येत नव्हतं. पट्टीवर आलं की विमान चेंडूसारखं उडे आणि शेजारी बसलेल्या सरांना हातात घ्यावं लागे. पंधरा दिवसांनी शेवटची चाचणी होती. त्यात नाही जमलं तर शाळा नाव कमी करणार होती. त्यापेक्षा आपणच सोडावं म्हणून तिने पत्र लिहून ठेवलं होतं. मोबाइलमध्ये तयार होतं, पाठवायचं तेवढं बाकी होतं. ते तिने मला दाखवलं. मी, आयुष्यभर सभा गाजवणारा मामा, आत जाऊन चहा ठेवून आलो.

संध्याकाळी भाऊ दारात.

"तुझ्याकडे पायलट आलीय म्हणे. मला खालून सांगणारी पायजे."

केतकी आतून म्हणाली, "काका, मला स्वतःलाच उतरवता येत नाही."

"मग झालं तर. मलापण नाय येत. चल."

त्यांनी तिला स्वयंपाकघरात वहिनींजवळ पाटावर बसवलं, हातात फोन दिला. स्वतः पडवीत सीटवर बसले, कानाला दुसरा फोन. मधे भिंत. जोशी आणि मी दारात उभे. भाऊंनी विमान हवेत घेतलं आणि अगदी बेशुद्ध वैमानिकाच्या शेजारचा माणूस बोलेल तसं बोलले, "मॅडम, मला काय येत नाय. मागे माणसं आहेत. काय करू?"

केतकी भडाभडा सांगू लागली. वेग, उंची, पंख, नाक, सगळं एका दमात. भाऊंनी तिला पुरतं बोलू दिलं.

"बाय, एका वेळी एक सांग. मी अडाणी माणूस."

मग भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, आणि तो निराळाच होता. "काका, समोर काय दिसतंय तेवढंच सांगा." हे तर भाऊंचं वाक्य! तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पहिलं विमान गेलं. दुसरं गेलं. तिसरं पट्टीवर आलं, एकदा उडालं, डावीकडचं थोडं गवत खाल्लं आणि थांबलं.

पडदा स्थिर झाला. वहिनी सवयीने दारात आल्या. "आज किती गेले?"

भाऊंनी मागे वळून बघितलं. "कोणी नाय गेलं."

वहिनींनी पडद्याजवळ जाऊन वाकून बघितलं. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "अगो बाई. सगळी घरी जाणार म्हणजे." जोश्यांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांना गप्प झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

केतकी बाहेर आली, पडद्यावर थांबलेलं विमान पाहिलं आणि रडायलाच लागली. "बघा ना, तुम्हालासुद्धा आलं! मलाच येत नाही!"

"बस इथं," भाऊ म्हणाले. "आता तू उतरव."

तिला सीटवर बसवून त्यांनी एक स्टूल ओढलं आणि कॉम्प्युटरला पाठ लावून तिच्यासमोर बसले. पडदा त्यांच्या पाठीमागे. मी म्हटलं, "भाऊ, अहो विमान तिकडे आहे!"

"असू दे."

तेव्हा मला कळलं ते डेपोतल्या जुन्या माणसांना आधीपासून ठाऊक होतं. घाटात शिकवताना भाऊ रस्त्याकडे बघतच नसत. इंजिनाच्या झाकणावर रस्त्याकडे पाठ करून बसत आणि पोराचं तोंड बघत. आंबा घाटात! एका बाजूला दरी, समोरून उसाचे ट्रक, आणि शिकवणारा उलटा बसलेला!

"रस्ता कुठं जातोय?" ते मला म्हणाले. "तो तिथंच असतो. पोरगा कुठं बघतो, ते मला बघायचं असतं."

केतकीने विमान खाली आणलं. ते उडालं. पुन्हा आणलं. पुन्हा उडालं. भाऊ हलले नाहीत, भिंतीवरच्या तसबिरीतल्या बुद्धासारखे शांत. चौथ्या वेळी विमान टेकायच्या ऐन आधी ते पुटपुटले, "आले."

"काय आलं?"

"डोळे. खाली आले. पायाशी."

"नाही काका. मी लांबच बघते. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला. सरांनी शंभरदा सांगितलंय."

"पुन्हा कर."

ती पुन्हा खाली आली. "आले," भाऊ म्हणाले. पुन्हा. "आले." आणखी एकदा. "आले."

केतकीने दांडी सोडली. तिला खरोखरच वाटत होतं की आपण लांब बघतो आहोत. जमीन जवळ आली की नजर आपोआप नाकाखाली पडत होती, जमीन आलीच असं वाटून हात लवकर ओढत होता, आणि विमान उडत होतं. हे तिचं तिला दिसत नव्हतं. शेजारी बसलेल्या सरांना दिसणं शक्य नव्हतं, कारण ते पट्टीकडे बघत होते. दिसलं ते विमानातलं ओ की ठो न कळणाऱ्या, विमानाकडे पाठ करून बसलेल्या माणसाला.

"नवीन पोरं बोनेटकडे बघतात, खड्डा चुकवायला," भाऊ म्हणाले. "जमिनीची भीती वाटते ना, म्हणून तिच्याकडे बघतेस. नको बघू. लांब बघ. जमीन आपली आपण येते."

त्यानंतरचे बारा दिवस मी ती पडवी सोडली नाही. माझी कामं पडली, बायको बोलायची थांबली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. ती उतरवायची आणि हा माणूस तिच्या डोळ्यांकडे बघत बसायचा, पापणीही न हलवता. शिकवणं म्हणजे बोलणं अशी माझी समजूत होती. हा माणूस बारा दिवसांत मिळून वीस वाक्यं बोलला नसेल. फक्त "आले." मग दिवसाला दहा वेळा "आले." मग पाच वेळा. अकराव्या दिवशी एकदाही नाही. त्या संध्याकाळी केतकीने सीटवरून उठता उठता ते पत्र पुसून टाकलं. मला दाखवलं नाही. मी चोरून बघितलं.

चाचणीच्या दिवशी मी भाऊंना घेऊन घाट चढलो. केतकीने येऊ नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे आम्ही तिला न कळवता शाळेच्या कुंपणाशी, तारेच्या जाळीबाहेर उभे राहिलो. लगेच रखवालदार आला.

"इथं थांबायचं न्हाई."

"पाच मिनिटं बाबा," भाऊ म्हणाले.

"पाच न्हाई अन् दहा न्हाई. कोण हाय तुमचं आत?"

"माझी मास्तरीण."

रखवालदाराने या सत्तरीच्या विद्यार्थ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि काय वाटलं कोणास ठाऊक, आमच्याच बाजूला उभा राहिला.

छोटं पांढरं विमान दोन चकरा मारून खाली आलं होतं, दोन्ही वेळा नीट. पण शेजारी सर होते. मग ते पट्टीच्या कडेला थांबलं, दार उघडलं आणि सर उतरून बाहेर आले. रखवालदार म्हणाला, "आता पोरगी एकलीच जाणार. ह्येच खरं असतंय."

विमान एकटं वर गेलं, लांब वळलं, उसाच्या शेतांवरून ठिपका होऊन परत येऊ लागलं. मी भाऊंकडे बघितलं. हा पहिलाच विद्यार्थी असेल ज्याचे डोळे त्यांना दिसत नव्हते. इतक्या लांबून दिसणार तरी काय? ते जाळीत बोटं अडकवून उभे होते आणि ओठ मिटलेले होते. विमान झाडांच्या वर आलं, पट्टीवर आलं, जमिनीच्या अगदी जवळ आलं आणि तसंच, हातभर उंचीवरून, तरंगत राहिलं. उडणार असं मला वाटलं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा चाकं टेकलेली होती. उडी नाही, धक्का नाही. कोणीतरी झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं ते विमान ठेवलं गेलं होतं. ते पळत पळत हळू झालं आणि पट्टीच्या टोकाला थांबलं. पलीकडे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी नाचायच्या बेतात होतो. भाऊ मात्र जागचे हलेनात. अंग ताठ, नजर लांब त्या विमानावर, आणि सारा भार उजव्या, ब्रेकच्या पायावर. चपलेचा अंगठा तुटला होता आणि चवडा मुरुमात चांगला बोटभर रुतला होता.

रखवालदाराने त्या पायाकडे बघितलं, विमानाकडे बघितलं, आणि न राहवून ओरडला, "ओ काका, पाय उचला की आता! थांबलंय ते इमान!"